दिवाळीची हातकार्डं: शाई, ठसे, स्टेन्सिल आणि सांगली-मिरजेत मिळणारं सामान

माईघाट

दिवाळीला अजून अवकाश आहे, म्हणून धागा आत्ताच काढतेय. शाई, ठसे, स्टेन्सिल (नक्षीची भोकं कापलेला प्लास्टिकचा पत्रा), कागदाचे तुकडे आणि उठावाची पेस्ट (वाळून वर उठून दिसणारी) असं सगळं एकाच कार्डावर आणायचं, ज्याला मिक्स्ड मीडिया म्हणतात, त्याबद्दल मराठीत फारसं सापडत नाही. व्हिडिओ लावला की पहिल्या मिनिटातच परदेशी वस्तूंची यादी सुरू होते आणि नवी माणसं तिथेच थांबतात. माझं म्हणणं एवढंच आहे की सामानाचं नंतर बघू. कुठली शाई कुठल्या कागदावर कशी वागते हे एकदा हाताला कळलं की सांगलीच्या हरभट रोडवर मिळणाऱ्या वस्तूंतही देखणं कार्ड होतं. ते कळलं नाही तर महागाचं शाईचं पॅडही वाया जातं.

आधी कागद. कार्डाचा पाया २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असावा. ए-४ कागद आडवा मधोमध कापला की दोन तुकडे होतात. त्यातला एक दुमडला की ए-६ आकाराचं, म्हणजे साधारण १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड तयार. दुमडण्याआधी संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून एक रेघ दाबून ओढा, नाहीतर जाड कागद दुमडीवर तडकतो. रंगकाम मात्र थेट पायावर करू नका. वेगळ्या, जरा लहान कागदावर करा आणि शेवटी पायावर चिकटवा. म्हणजे बिघडलं तरी एक तुकडाच जातो, आणि पाण्याने वाकलेला कागद दाबून सरळ करायलाही वेळ मिळतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कटिंगमधून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या असतात. विचारलं तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. पण पाण्याचं काम करायचं असेल तर ३०० जीएसएमचा वॉटरकलरचाच कागद घ्या, तिथे काटकसर करू नका.

आता शाई. खरा खेळ इथेच आहे.

डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. ती कागदाच्या धाग्यांत मुरते, म्हणून लवकर वाळते. पण पाणी लागलं की बहुतेक डाय शाया पसरतात, आणि उन्हात फिक्या पडतात. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. ते कागदाच्या वरच बसतात, म्हणून रंग दाट दिसतो, काळ्या कागदावरही उठतो, पण वाळायला वेळ घेतो. गुळगुळीत चकचकीत कागदावर तर ती कित्येक तास बोटाला लागत राहते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवाच इतकी ओली असते की पिगमेंटचं काम मी दिवाळीच्या आसपासच काढते. तिसरी सॉल्व्हंटची शाई. ती प्लास्टिक, ॲसिटेट (पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद), काच यांवर टिकते. तिला उग्र वास असतो, खिडकी उघडी ठेवूनच वापरायची.

ऑफिसात शिक्क्यासाठी असतं ते निळं-जांभळं पॅड म्हणजेही डाय शाईच. त्याला कमी लेखू नका. वॉटरकलर कागदावर त्याचा ठसा मारा आणि ओल्या ब्रशने रेघेच्या फक्त आतल्या बाजूने फिरवा. रेघेतून रंग सुटून पाकळी आपोआप भरते, बाहेरची कड तशीच गडद राहते. वेगळा रंग लागत नाही.

आणि थरांचा क्रम: आधी ओलं काम (पाण्याचे रंग, शिंतोडे), ते पूर्ण कोरडं झालं की स्टेन्सिलमधून शाई, मग ठसे, मग उठावाची पेस्ट, आणि अगदी शेवटी चिकटवायच्या वस्तू. पेस्टवर ठसा स्वच्छ उमटत नाही आणि ओल्यावर मारलेला ठसा फुटतो. बाकी सगळे नियम मोडले तरी चालतात.

बेदाणा

ताई, फार गरजेचा धागा. वाचनखूण साठवली. माझी अडचण स्टेन्सिलची आहे. कितीही घट्ट धरलं तरी शाई खालून आत शिरते आणि नक्षीच्या कडा गढूळ होतात. चिकटपट्टीने चिकटवून पाहिलं तर कागदाचा पापुद्राच निघाला.

माईघाट

बेदाणा, दोन्हीचा उपाय सोपा आहे. शाई आत शिरते ती जास्त ओली असते म्हणून. स्पंज किंवा मेकअपचा जाड केसांचा ब्रश पॅडवर टेकवा आणि आधी रद्दी कागदावर गोल गोल फिरवा. तिथे जवळजवळ काहीच उमटेना झालं की मग स्टेन्सिलवर या. सुरुवात भोकावर करायची नाही, स्टेन्सिलच्या प्लास्टिकवर करायची आणि गोल फिरवत भोकावर यायचं. रंग हळूहळू चढतो. घाई केली की कड गेलीच.

पट्टी कागदी मास्किंग टेपच घ्या, आणि कागदाला लावण्याआधी ती सुती कपड्यावर चिकटवून काढा. कपड्याचे तंतू लागून तिचा जोर कमी होतो, मग पापुद्रा निघत नाही.

आणखी एक. दिवाळीत रस्त्यावर रांगोळीचे प्लास्टिकचे छाप मिळतात ना, ते उठावाच्या पेस्टसाठी फार छान. फेव्हिकॉल, टाल्कम पावडर आणि पांढरा ॲक्रिलिक रंग एकत्र घोटायचा, श्रीखंडासारखा दाट झाला पाहिजे. छाप कागदावर ठेवून जुन्या एटीएम कार्डाने ती पेस्ट वरून सपाट ओढायची आणि छाप सरळ वर उचलायचा, तिरका नाही. प्रत्येक ठिपक्यावर एक बारीक टोक उभं राहतं. पेस्ट अर्धवट सुकली की ओल्या बोटाने ती टोकं हलकेच बसवा. छाप लगेच पाण्यात टाका, पेस्ट वाळली की भोकं बुजतात ती कायमची. भिंतीला लावायला पेंटर वापरतात ती लांबी (पुट्टी) काही जण सुचवतात, पण कार्ड जरा वाकलं की ती तडकते. भिंत वाकत नाही, कार्ड वाकतं.

मिरज_जंक्शन

आमच्या मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे घरोघरी कपाटावर जुन्या एक्स-रेची पाकिटं पडून असतात. ती फिल्म स्टेन्सिल कापायला उत्तम. पातळ, चिवट, शाई पीत नाही, धुतली की पुन्हा तयार. कोपऱ्यातला पेशंटचं नाव आणि तारीख असलेला भाग आधी कापून टाका. नक्षी कागदावर काढून फिल्मखाली ठेवायची, फिल्म काळी असली तर खिडकीच्या काचेवर धरून गिरवायची. कटरचं पातं नवं घ्या. वळणावर पातं फिरवू नका, फिल्म फिरवा. आणि नक्षीत जोड ठेवायला विसरू नका. वर्तुळाच्या आत वर्तुळ काढलंत आणि मधे दांडी ठेवली नाहीत तर आतलं वर्तुळ गळून पडतं.

दुसरं, ठशांबद्दल. ऑनलाइन ठसे महाग पडतात असं सगळे म्हणतात. पण आपल्या गावात रबरी शिक्के करणारे आहेत की! कोर्टाजवळ, तहसीलजवळ बसलेले. त्यांना पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने काढलेलं चित्र द्या. शाळेचा, सोसायटीचा शिक्का करतात त्याच मशीनवर तेही होतं. उलटं करायचं काम ते करतात, आपण सरळच काढायचं. मी सतारीचं काढून नेलं होतं. खाली भोपळा, वर लांब दांडी, खुंट्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाच मनात आलं होतं की बाहेरगावच्या नातेवाइकांना हेच चित्र पाठवावं. तारा मात्र केसासारख्या बारीक काढू नका, दोन तारांमधली जागा शाईने भरून जाते. तीनच तारा, जरा ठसठशीत, मोकळ्या सोडलेल्या. मूठ नको म्हणून सांगा, नुसतं रबर घ्या आणि ॲक्रिलिकच्या तुकड्यावर दुतर्फी टेपने लावा. ठसा कुठे पडतोय ते आरपार दिसतं.

माईघाट

मिरज_जंक्शन, शिक्केवाल्यांची गोष्ट फार मोलाची सांगितलीत. यात एवढीच भर घालते की मोठ्या ठशाला पॅडवर आपटू नका. ठसा उताणा ठेवा आणि पॅड त्यावर थापा, म्हणजे कोपरे सुटत नाहीत. कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवा. टेबल कडक असेल तर मधला भाग कोरा राहतो. पारदर्शक पॉलिमरचे नवे ठसे सुरुवातीला शाई धरत नाहीत, थेंब थेंब होऊन बसते. त्यावर खोडरबर हलकेच फिरवा, मग धरतात. आणि ते उन्हात ठेवू नका, पिवळे पडून कडक होतात.

हळदपेव

मी हरिपूरचा. आमच्याकडे जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत पिढ्यांची आहे, म्हणून हळदीविषयी लिहितो.

हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात कालवून कागदाला लावली तर वाळल्यावर पूड झडते आणि डाग तेवढा उरतो. तो रंग, म्हणजे कर्क्युमिन, स्पिरिटमध्ये विरघळतो. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट अर्धी वाटी, त्यात दोन चमचे हळद, झाकणाच्या बाटलीत घालून नीट हलवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी वरची निवळ सुती कापडातून गाळून घ्या. ब्रशने कागदावर फिरवली की काही मिनिटांत कोरडी होते आणि कागद झळझळीत पिवळा होतो. गॅस, निरांजन, उदबत्ती जवळपास नको.

आता पुढचं बघा. धुण्याचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवा, ते पाणी स्पंजच्या तुकड्याला पाजा आणि त्याचंच पॅड करा. त्यावर ठसा टेकवून पिवळ्या कागदावर मारा. रंग काहीच नाही, नुसतं पाणी, पण ठसा उचलताच तिथे तांबडी नक्षी उमटलेली असते. सोडा, चुना अशा अल्कलीत हळद लाल होते. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर, तिथे चुना असतो. उलट, त्या तांबड्यावर लिंबाच्या रसाचा ठिपका दिला की तेवढी जागा परत पिवळी. लाल पाकळीच्या मधे पिवळा ठिपका असं फूल दुसऱ्या कुठल्याही शाईने मला इतकं नाजूक साधलेलं नाही.

स्पंज नुसता दमट असू द्या. निथळता असला तर नक्षी पसरते.

कोरा_कागद

हळदपेवदादा, आजच करून पाहिलं! माझी मुलगी अर्धा तास हलली नाही टेबलावरून. पण टिकतं का हे? कार्ड भिंतीला लावलं तर?

हळदपेव

उन्हात अजिबात टिकत नाही. हळदीचा रंग प्रकाशात उडतोच, हळदीचा डाग पडलेला कपडा उन्हात वाळत घालतात तो त्यासाठीच. तांबडा भागही हळूहळू तपकिरी होत जातो. म्हणून पाकिटात, वहीत, कपाटात राहणाऱ्या कार्डांसाठीच वापरा. भिंतीवर लावायचं असेल तर पिवळ्यासाठी ॲक्रिलिक किंवा पिगमेंट शाई घ्या. ज्याला पाठवाल त्याला मागच्या बाजूला दोन ओळी लिहून कळवा की यात हळद आहे, उन्हात ठेवू नका. आमच्याकडे लोकांना ते वाचूनच आनंद होतो.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून नमस्कार. हळदीचं वाचून राहवलं नाही. आमच्या बाजूला जावळी-महाबळेश्वरच्या रानात हिरडा आहे, त्याची काळी शाई होते.

हिरड्याची फोडलेली टरफलं मूठभर घेऊन पाण्यात उकळा, पाणी निम्मं आटलं की गाळा. पिवळट तपकिरी काढा मिळतो. हिराकस (लोहाचा हिरवट क्षार) वेगळ्या पाण्यात विरघळवून ते पाणी काढ्यात थोडं थोडं घाला. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की काढा डोळ्यादेखत निळसर काळा पडतो. थोडा बाभळीचा डिंक विरघळवला की शाई कागदावर बसते, धावत नाही. लिहिताना करडी दिसते, हवा लागली की गडद होत जाते. वाळून मुरल्यावर पाण्यालाही बरीच दाद देत नाही, त्यामुळे हिच्यावरून वॉटरकलर फिरवता येतो. भांडं स्टीलचं घ्या आणि स्वयंपाकाला परत वापरू नका.

ठशाला ही शाई पातळ पडते. बोरूने लिहायला, टूथब्रशने शिंतोडे उडवायला आणि स्टेन्सिलमधून स्पंजने टिपायला चांगली. हिराकस बेताने घाला. जास्त झाली तर काही वर्षांनी कागद त्या रेघेवरच ठिसूळ होतो, जुन्या कागदपत्रांच्या दप्तरांत अशी कुरतडलेली पानं दिसतात.

साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या फुलांची स्टेन्सिलं मी जुन्या कॅलेंडरच्या प्लास्टिक कव्हरमधून कापतो. सीतेची आसवं आणि तेरडा. फोटो काढून आणतो आणि घरी बसून रेखाटतो. तिथली फुलं तोडून ठसे करायचा विचार कुणी करू नये, पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि तिथे पायवाट सोडूनही जायचं नसतं.

पेठेतली

मला चिकटकामाचं विचारायचं आहे. माझ्याकडे जुन्या एसटीची तिकिटं, पंचांगाची पानं, नाटकाच्या जाहिरातींची कात्रणं असा मोठा साठा आहे. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे सीता स्वयंवर केलं, तेव्हा तो विषय घेऊन कार्डांचा संच करायचा आहे. हे सगळं चिकटवल्यावर फुगे येतात. शिवाय ओल्या ठशावर टाकून वितळवतात ती एम्बॉसिंगची चमकी पावडर वितळवायला हेअर ड्रायर चालतो का?

माईघाट

पेठेतली, संचाची कल्पना फार सुंदर आहे, झाला की इथे नक्की दाखवा.

फुगे येतात कारण पातळ कागद फेव्हिकॉलच्या पाण्याने ताणला जातो. फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं निम्मं करा, कात्रणाच्या मागच्या बाजूला लावा आणि मिनिटभर थांबा. कागद जेवढा ताणायचा तेवढा ताणला गेला की मग चिकटवा, मधून कडेकडे बोटाने हवा काढत. वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर. मूळ कात्रण वापरू नका, त्याची झेरॉक्स वापरा. जुनं वर्तमानपत्र पिवळं पडत जातं आणि शेजारचा कागदही पिवळा करतं. झेरॉक्स चालते, इंकजेट प्रिंट नको, तिची शाई फेव्हिकॉलच्या पाण्यातच सुटते.

एसटीची तिकिटं कोणती आहेत ते बघा. जुनी छापील असतील तर काही प्रश्न नाही. मशीनमधून निघालेली पांढरी तिकिटं थर्मल कागदाची असतात, त्यांच्यावर उष्णता आली की सगळं तिकीट काळं होतं. हीट गन (खूप गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र) लावलीत तर गेलंच. त्याचीही झेरॉक्सच काढा.

पावडरीसाठी हेअर ड्रायर चालत नाही. त्याचा वारा जोरात आणि उष्णता कमी, पावडर वितळण्याआधीच उडून जाते. हीट गन लागते. ती नसेल तर इस्त्री उलटी धरून तापवा आणि कार्ड तिच्या वर, न टेकवता, मागच्या बाजूने शेका. पावडर आधी ओलसर दिसते, मग एकदम चकचकीत होते, तिथेच थांबायचं. ठसा सावकाश वाळणाऱ्या शाईचा हवा, पिगमेंट किंवा एम्बॉसिंगची पारदर्शक शाई. डाय शाई पावडर धरण्याआधीच वाळते. पावडर टाकण्याआधी कागदावर टाल्कमची पुरचुंडी फिरवा, म्हणजे नको तिथे दाणे चिकटत नाहीत.

फळा_खडू

शिक्षिका आहे, पाचवीच्या मुलांकडून कार्डं करून घेते. मुलांसाठी भेंडी आणि बटाटा हेच ठसे. फक्त एक गोष्ट पाळा: भाजी कापली की कापाची बाजू कागदावर दाबून पाणी टिपून घ्या, मगच रंग लावा. भेंडीचा चीक राहिला तर दुसऱ्या ठशाला चांदणी उरत नाही, नुसता गोळा उमटतो. मोठ्या मुलांना खोडरबर कोरायला देते. इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं यात फार रमतात. हळदीचा प्रयोग वर्गात करीन, पण सोड्याचं पाणी मीच हाताळीन. चुना मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते.

बेदाणा

बचत गटाच्या प्रदर्शनात कार्डं ठेवायचा विचार आहे. लोक म्हणतात छापील कार्ड वीस रुपयाला मिळतं, हे शंभरला कोण घेणार. काय करावं?

पेठेतली

किंमत कमी करू नका. त्यापेक्षा प्रदर्शनातच एक ठसा आणि पॅड मांडा आणि येणाऱ्याला स्वतःचा एक मारू द्या. तो कागद हातात घेतला, रेघ फुटलेली दिसली, की समोरच्या स्वच्छ कार्डामागचं काम कळतं. शंभर रुपये मग महाग वाटत नाहीत.

अजिंक्यतारा

माझं मत जरा वेगळं आहे. हळदीचं, हिरड्याचं कार्ड विकू नये. रंग बदलणार हे माहीत असताना अनोळखी माणसाकडून पैसे घेणं मला पटत नाही. विकायचं ते पिगमेंटचं, टिकाऊ. बाकी आपल्या माणसांना.

माईघाट

अजिंक्यताराशी सहमत. बेदाणा, विक्रीसाठी डाय शाईचीही कार्डं टाळा, फ्रेम करून भिंतीवर लावणारे बरेच असतात.

कोरा_कागद

शेवटचा प्रश्न, पोस्टाचा. उठावाचं कार्ड नागपूरला बहिणीला पाठवायचं आहे. पोहोचेपर्यंत ठिपके शाबूत राहतील का?

मिरज_जंक्शन

राहतात, पण तयारी हवी. कार्डावर बटर पेपर ठेवा आणि दोन्ही बाजूंनी कार्डाच्या मापाचा पुठ्ठा लावा. ए-६ कार्डाला सी-६ पाकीट बसतं, पण पुठ्ठा घातलात तर एक माप मोठं घ्या. खिडकीवर द्या, पेटीत टाकू नका, आणि शिक्का हाताने मारायची विनंती करा. तिथेच वजन करून तिकीट लावा.

माईघाट

आणि पेस्ट किमान दोन दिवस वाळू द्या. वरून कोरडी दिसते, आतून ओली असते, पाकिटात बंद केली की बटर पेपरलाही चिकटते. ठिपक्यावर नख हलकेच दाबून बघा. खूण उमटली तर अजून थांबा. नागपूरसाठी पोस्टाचे दिवस धरून पेस्टचं काम या रविवारपर्यंत उरकून टाका, लिहायचा मजकूर नंतरही लिहिता येईल.